धुराड्याच्या घरापुढची तुळस

एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. सांगायला वेळ मिळाला नाही असं म्हणायला तोंड नाही. गोष्ट एवढीच, की माझ्या ताईच्या बोरिवलीच्या घरात, बाहेरच्या खोलीत, छत्तीस वर्षं भरतकामाचं जे चित्र टांगलेलं होतं, जे दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला "हे आमच्या सूनबाईंच्या हातचं" असं सांगितलं जायचं, ते ताईच्या हातचं नाही. त्यातली एक फुलीसुद्धा तिची नाही. ते सगळं मी भरलेलं आहे.

कुणी म्हणेल, बस, एवढंच? मीही बरीच वर्षं स्वतःला तेच म्हणत होतो.

चित्र आता माझ्याकडे आहे. मुलुंडच्या आमच्या घरात, कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. ताईची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, घर रिकामं करायचं होतं, म्हणून मी मदतीला गेलो आणि येताना हे घेऊन आलो. बायकोने विचारलं, "लावायचं का कुठे?" मी म्हटलं, "बघू." त्याला तीन आठवडे झाले. परवा ती भाजीला गेली असताना मी स्टुलावर चढून ते खाली काढलं, पलंगावर उघडं केलं आणि समोर बसून राहिलो. वाटलं होतं, काहीतरी होईल. भरून वगैरे येईल. तसं काही झालं नाही. पायाला मुंग्या आल्या.

चित्रात एक घर आहे. उतरत्या छपराचं, परदेशी, छोट्या चौकोनी खिडक्यांचं. छपरावर धुराडं आणि धुराड्यातून निघणारा धूर. बाजूला कुंपण, कुंपणाला गुलाब. आणि दारात, अगदी मधोमध, तुळशीवृंदावन.

तुळस आईची. बाकीचं फिलूबायचं.

*

आम्ही तेव्हा अंधेरीला, पूर्वेला, गावठाणाला पाठ लावून असलेल्या चाळीत राहायचो. चाळीची मागची गॅलरी आणि फिलूबायच्या घराचा ओटा यांच्यामध्ये हातभराचं गटार, बस. फिलूबाय गावठाणातली, मूळची तिथलीच. तिच्या घरातून मराठीच ऐकू यायचं, पण हेल वेगळा. तिची बहीण मढला राहायची, ती आली की दोन दिवस आख्ख्या गल्लीला सुक्या बोंबलांचा वास. एरवी फिलूबायच्या ओट्याला वास यायचा तो मॅटीच्या, म्हणजे भरतकामाच्या कोऱ्या कापडाचा. खळीचा, किंचित आंबूस, शाळेच्या नव्या वहीसारखा. चर्चच्या वेदीवरचं कापड भरायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडेच होतं.

मला पंधराव्या वर्षी कावीळ झाली. अडीच महिने शाळा बंद. उसाचा रस, मुळ्याची भाजी, बिनतेलाचं सगळं. अंगात ताकद नव्हती आणि हात स्वस्थ बसत नव्हते. मी चादरीचे दोरे उसवत बसायचो. एक दिवस आई वैतागली. "फिलूबाय, ह्याका कायतरी द्या गे करूक. चादर खाऊन टाकल्यान मेल्यानं."

फिलूबायने गटारावरून हात लांब करून मॅटीचा एक तुकडा, सुई आणि लाल दोरा दिला. "हे घे. मोजायचं आणि टोचायचं. दुसरं काय नाय."

मी डावरा आहे. हेही फार जणांना माहीत नाही. शाळेत डाव्या हातावर लाकडी पट्टी बसायची, म्हणून लिहायला मी उजव्याने शिकलो. जेवण तर उजव्यानेच. सुई मी डाव्या हातात धरली आणि आईकडे बघितलं, ती ओरडते का म्हणून. ती तांदूळ निवडत होती. फिलूबाय म्हणाली, "सुईला काय कळतं रे बाबा, डावा का उजवा."

फुलीचा टाका म्हणजे दोन तिरक्या रेघा, एकीवर एक. उजव्या हाताच्या बायकांची वरची रेघ एकीकडे कलते, माझी दुसरीकडे. फिलूबायने माझी पहिली ओळ डोळ्याजवळ धरून बघितली. "तुझी फुली उलटी पडते," ती म्हणाली. "असू दे. सगळ्या उलट्या असल्या म्हणजे झालं. एक अशी, एक तशी नाय पाहिजे."

त्या अडीच महिन्यांतलं मला फार आठवत नाही. आठवतात ते आवाज. कापड रिंगेत ताणलं की त्यावर टिचकी मारायची, ढबढब वाजायला हवं. त्यातून दोरा ओढताना होणारा बारीक सर्र. आत ताईचं टायपिंगचं पुस्तक गुडघ्यावर, आणि ती पाटावर बोटं आपटत सराव करायची, खटखट, खटखट. तिचा टायपिंगचा स्पीड सगळ्या क्लासमध्ये पहिला होता. सुई मात्र तिच्या हातात टिकायची नाही. बटण लावायला बसली तरी बोटाला रक्त. "माझी बोटं मशीनवर चालतात," ती म्हणायची. "सुईवर तू चाल."

दिवेलागणीला आई सुई खाली ठेवायला लावायची. त्या वेळी शिवायचं नाही, असा तिचा नियम. दुसरा नियम, सुई हातातून हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. हातात दिली की भांडण होतं. मी सुया पावडरच्या रिकाम्या डब्यात ठेवायचो. डबा हलवला की कधीतरी अजूनही पावडरचा वास यायचा.

*

घराचं चित्र फिलूबायच्या पुतणीने आखातातून पाठवलेल्या मासिकात होतं, चौकटींच्या कागदावर. तेवीस रंग लागणार होते. फिलूबायकडे सतराच निघाले. छप्पर तपकिरी हवं होतं, ते आम्ही लाल-जांभळं केलं. कुंपण मिळेल त्या हिरव्यात. सगळं मोजून, रंग ठरवून झालं तेव्हा आई येऊन उभी राहिली आणि कागदाकडे बघत राहिली. तिने धुराडं कधी पाहिलं नव्हतं, गिरणीचं सोडून.

"धूर कसलो तो?"

"चूल पेटवली असेल आत," मी म्हटलं.

"म्हणजे घरात कोण आसा. मगे दारात तुळस नको?"

फिलूबाय इतकी हसली की तिला ठसका लागला. पण कागदावर दाराच्या समोर पेन्सिलने तिनेच तुळस काढून दिली, खालचं वृंदावनही, चौकटी मोजून. "तुझ्या आयशीचं घर आहे. तिला पाहिजे ते टाक," म्हणाली.

कावीळ बरी झाली तरी मी भरत राहिलो. शाळेतून आल्यावर, दार लोटून. मित्र हाक मारायला आले की रिंग गादीखाली. घर पुरं व्हायला दीड वर्ष लागलं. शेवटी शेवटी राखाडी दोरा संपला. धुराच्या वरच्या दोन ओळी राहिल्या होत्या. दुकानात तो रंग पुन्हा मिळेना, म्हणून मी त्या पांढऱ्याने भरल्या. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या फुल्या. दिसत नाहीत. बोट फिरवलं तर लागतात.

बाबा गिरणी बंद झाल्यापासून गोरेगावला एका स्टुडिओत सुतारकाम करायचे, सेटच्या खोट्या भिंती उभ्या करायचे. तिथल्याच एका पट्टीची त्यांनी फ्रेम केली. हातात धरून चित्र लांबून बघितलं, जवळून बघितलं. "चांगलं झालंय," म्हणाले. मग जरा थांबून, "कुणाला सांगू नको हां तू केलंस म्हणून."

त्यांनी ते रागाने म्हटलं नव्हतं. काळजीने म्हटलं होतं. मी मान हलवली.

*

ताईला बघायला बोरिवलीची माणसं आली ती मी सतरा वर्षांचा असताना. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मुलाची आई आत आली ती आधी ताईकडे वळलीच नाही. टीव्हीवर एक कापडी कव्हर होतं, त्याच्या कडेला मी फुलांची वेल भरली होती. तिने त्याचं टोक उचललं आणि उलटं करून पाठ बघितली.

भरतकाम कळणारी बाई पाठ बघते. पुढून सगळ्यांचंच बरं दिसतं.

"गाठ नाही कुठे," ती म्हणाली. मग भिंतीकडे गेली, धुराड्याच्या घरासमोर उभी राहिली. तुळशीवर बोट ठेवलं. वाकून एकेक फुली बघितली. पोह्यांवर खोबरं भुरभुरलेलं होतं, त्याचा वास खोलीभर होता, आणि कुणीच खायला सुरुवात केली नव्हती.

"हे कुणी केलं?"

आई म्हणाली, "आमच्या सुनंदानंच."

ताईने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल मी काहीतरी बोलेन. मी बोललो. मीच बोललो. म्हटलं, "दीड वर्ष बसून केलंय ताईने. कुणाला हातसुद्धा लावू देत नव्हती."

हे मला विसरता आलेलं नाही. आईचं खोटं मुलीच्या आईचं होतं, त्या काळात घरोघर बोललं जायचं. माझ्या खोट्याला जास्तीचं कापड जोडलेलं होतं.

जाताना त्या बाई ताईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्याकडे हाताला काम भरपूर मिळेल गं तुला." दोन दिवसांत होकार आला. चाळभर पेढे वाटले. फिलूबायने पेढा घेतला, माझ्याकडे बघितलं आणि ओट्यावरून आत निघून गेली. नंतर ती मला पुन्हा कधी दोरा द्यायला आली नाही. मी मागायलाही गेलो नाही.

*

लग्नात रुखवत मांडलं होतं. नवरीच्या हातचं म्हणून जे जे मांडतात ते सगळं: मण्यांचा गणपती, क्रोशाचे रुमाल, लोकरीचं तोरण. काही शेजारणींकडून आणलेलं, काही विकतचं. ते तसंच असतं, कुणाला त्याचं काही वाटत नाही. मधोमध धुराड्याचं घर. बायका वाकून बघत होत्या. "केवढी चिकाटी पोरीची," एक जण म्हणाली. मी तिथेच उभा होतो, पानाचं तबक घेऊन. कात-चुन्याचा वास अजून आला की मला ते टेबल दिसतं.

ताईच्या सासूबाईंना खरोखर हौस होती. दिवाळीला तोरण हवं, देवघराला पडदा हवा, नणंदेला साडीच्या पदरावर वेल हवी. ताई माहेरी आली की तिच्या पिशवीत लाडवांच्या डब्याखाली कापड असायचं. ती डबा बाहेर काढायची, कापड पिशवीतच ठेवून पिशवी माझ्या कॉटखाली सरकवायची. मी भरून ठेवायचो. पुढच्या खेपेला ती घेऊन जायची.

सासरी दुपारी ती रिंग घेऊन बसायची म्हणे. कोपऱ्यातल्या चार चौकटींत दोरा घालायची, उसवायची, परत घालायची. सासूबाई पलीकडे पडलेल्या. "काय गं, कालच्याइतकंच दिसतंय." मग माहेरून परत गेली की काम पुरं झालेलं. सासूबाई म्हणायच्या, "हिचा हात माहेरीच चालतो."

ताई हे हसत हसत सांगायची. नक्कल छान करायची ती त्यांची. आम्ही दोघं हसायचो.

मग मला नोकरी लागली, औषधांच्या कंपनीत, पॅकिंगला. तिथे एकदा माझ्या शर्टाला लाल दोऱ्याचा तुकडा चिकटलेला एकाने पाहिला. "काय रे, टेलर मास्तर? बहिणीचा ब्लाउज शिवतोस काय? की स्वतःचाच?" सगळे हसले. मीही हसलो. आठवडाभर मला तिथे मास्तर म्हणत होते. नंतर ते विसरले.

मी नाही विसरलो. ताई सातव्या महिन्यात आली तेव्हा पिशवीत पांढरं मलमल होतं. बाळाचं झबलं. सासूबाईंनी सांगितलं होतं, बारशाला बाळाच्या अंगावर आईच्या हातचं भरलेलं झबलं हवं, बाजारचं नको.

मी म्हटलं, "मला नाही जमणार आता."

"एवढंच रे. छोटंसं तर आहे. गळ्याला नि बाह्यांना."

"ताई, मी काय बाई आहे का?"

ती पोटावर हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, "बरं. मग मला शिकव."

मी शिकवायला बसलो. मलमल बारीक, म्हणून आधी मॅटीच्या तुकड्यावर. पण माझा हात डावा, तिचा उजवा. मी जे दाखवायचो ते तिच्या हातात उलटं जायचं. ती गोंधळायची, मी खेकसायचो. "अगं, इकडून. इकडून म्हणतोय ना!" चार वेळा दोरा गुंतला. मग तीच उठली, कपाटाच्या आरशासमोर पाट टाकला आणि म्हणाली, "तू इथे बस. मी आरशात बघते. आरशात तुझा हात उजवा होतो."

आम्ही दोघं आरशासमोर बसलो. ती माझ्याकडे बघत नव्हती, आरशातल्या माझ्याकडे बघत होती. आरशाचा पारा एका कडेने उडाला होता. शेजारी कुणाच्या तरी घरी मोहरी तडतडली. तिने पहिली फुली घातली. मग दुसरी. जीभ दातांत धरून. अकरा फुल्या घातल्या तिने त्या दुपारी, सगळ्या सरळ, एकाच बाजूला कललेल्या, आणि अकराव्या फुलीला आरशातल्या मला बघून हसली.

"उद्या पुढचं," ती म्हणाली.

"उद्या पुढचं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी मित्रांबरोबर निघून गेलो. तिसऱ्या दिवशीही. ती चौथ्या दिवशी सासरी गेली. का गेलो मी, याचं कारण मी आजवर बरंच शोधलं आहे. सांगण्यासारखं काही सापडत नाही.

*

बारशाला बाळाच्या अंगावर बाजारचं झबलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचा वास, बायकांची गर्दी. झबल्याचं एक बटण तुटलं. सासूबाईंनी सुई-दोरा मागवला, सुई ओवायला गेल्या तर दोरा शिरेना. मी जवळ होतो. "जरा ओव रे," म्हणाल्या.

मी दोरा ओठांत ओला केला, सुई उजेडाकडे धरली आणि एका झटक्यात ओवली. डाव्या हाताने. मग दोऱ्याच्या टोकाला सवयीने, गाठ न मारता, पीळ दिला.

वर बघितलं तर सासूबाई माझ्या हाताकडे बघत होत्या.

"तू डावरा का रे?"

सुई मी उजव्या हातात घेतली. "नाही," मी म्हटलं. "असंच."

पाळण्यापलीकडे ताई बसलेली होती. तिने ऐकलं. बाळाची टोपी सारखी करत राहिली.

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी सुई हातातून हातात दिली. त्यांनी बटण लावलं. त्या दिवसानंतर त्यांनी ताईला भरतकामातलं काही करायला सांगितलं नाही. पण धुराड्याचं घर भिंतीवरून उतरवलंही नाही. दर दिवाळीला त्याची काच त्या स्वतः पुसायच्या. भाऊबीजेला मी गेलो आणि कुणी पाहुणे असले की म्हणायच्या, "हे आमच्या सूनबाईंच्या हातचं." म्हणताना माझ्याकडे बघायच्या. दर वर्षी. मी फराळाच्या ताटाकडे बघायचो. चकलीचे काटे मोजायचो.

इकडे ताईने बारशाआधीच घरात सांगून टाकलं होतं, की डोळे दुखतात, टाके नाचतात डोळ्यांसमोर. झबलं झालं नाही त्याचं काहीतरी कारण तर द्यायला हवं होतं. स्टेशनबाहेरून तिने एक झिरो नंबरचा चष्मा घेतला. साध्या काचांचा. मला दाखवला, घालून. "कशी दिसते?" मी म्हटलं, "मास्तरीण." पुन्हा हसलो दोघं.

तो चष्मा तिने अठरा वर्षं लावला. काढला असता तर विचारलं असतं कुणी तरी.

मग कधीतरी ती दारांना आपटायला लागली. कपात चहा ओतताना बाहेर ओतायची. बाजूने कुणी आलं की दचकायची. "कडेचं दिसत नाही नीट," म्हणायची. भावोजी म्हणायचे, "तुझे डोळे काय आजचे आहेत का? लग्नापासूनचे आहेत ते." मीसुद्धा तिथे बसून हसलेलो आहे. खरं काय ते ठाऊक असलेला मी एकटा, आणि मीच विसरलो, की तिचे डोळे कधी दुखलेच नव्हते. म्हणजे हे दुखणं नवीन होतं.

डॉक्टरांकडे शेवटी मीच घेऊन गेलो, दीड वर्षाने. त्यांनी तिचा चष्मा काढून दिव्याकडे धरला. "यात नंबरच नाही. किती वर्षं वापरताय?"

ताईने मान माझ्या दिशेने वळवली. तेव्हा मी तिला दिसत होतो की नाही कोण जाणे. "बरीच," ती म्हणाली.

काचबिंदू होता. कडेची नजर गेली ती परत येत नाही, राहिली आहे ती सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता, आत निळं फूल. मी ते फूल बघत होतो. किती पाकळ्या ते अजून आठवतं. सात.

*

घर रिकामं करायच्या दिवशी बोरिवलीला सगळीकडे खोकी होती. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. भावोजी आणि माझी भाची केतकी सामान बांधत होते, ताई एका खोक्यावर बसून चमचे पुसत होती. चित्र उतरवताना काच तडकली, म्हणून केतकीने ती काढून टाकली होती. छत्तीस वर्षांनी पहिल्यांदा चित्र उघडं होतं. भिंतीवर त्याच्या मापाचा एक चौकोन पिवळा नव्हता.

"मामा, हे तुला," केतकी म्हणाली. "आजी सांगून गेली होती. घर सोडाल तेव्हा हे मामाला द्या. मी म्हटलं, अगं आईने केलंय, आईकडेच राहू दे ना. तर म्हणाली, मामालाच द्या, त्याला कळेल. काय कळायचंय रे?"

भावोजी सुतळी कापत होते. ताईचा हात चमच्यावर थांबला.

"माहेरची आठवण म्हणून असेल," मी म्हटलं.

"आजी पण ना," केतकी म्हणाली आणि टेम्पो आला का बघायला खाली गेली. भावोजी तिच्यामागे गेले.

ताईने हात पुढे केला. मी चित्र तिच्या मांडीवर ठेवलं. तिने अंगठा फिरवायला सुरुवात केली, खालून. कुंपण, तुळस, दार, छप्पर. धुराड्याशी पोचल्यावर अंगठा हळू झाला. धूर संपला तिथे थांबला नाही. पुढच्या दोन पांढऱ्या ओळींवरून गेला आणि मग थांबला.

"इथपर्यंत आहे की धूर," ती म्हणाली. "मला कधी दिसलाच नव्हता."

"राखाडी दोरा संपला होता."

"हं." तिचा अंगठा तिथेच होता. "सांगून टाक रे आता. केतकीला तरी. परवा तिच्या मैत्रिणींना सांगत होती, आमच्या आईने भरतकामात डोळे घालवले म्हणून. मला कसंतरीच होतं ते ऐकून."

मी भावोजींनी टाकलेली सुतळी गुंडाळायला लागलो.

"आणि दुसरा धडा राहिलाय तुझ्याकडे," ती म्हणाली.

"आता कशाला, ताई?"

"आता मला रिंगेएवढंच दिसतं. समोरचं, गोल. भरायला तेवढंच लागतं ना?" ती हसली. आरशात हसली होती तशी. "नातवंड येईल पुढच्या वर्षी. झबलं करीन म्हणते."

खालून केतकीने हाक मारली. टेम्पो आला होता.

"रविवारी येतो," मी म्हटलं. "सांगतो आणि शिकवतो, दोन्ही."

तीन रविवार झाले. ताई आता भाड्याच्या जागेत आहे, तिथेच बोरिवलीत, कपाट तेच आहे, आरशाचं, आम्ही चाळ सोडली तेव्हा तिच्याकडे गेलेलं. तिने फोन केलेला नाही. ती करणार नाही. परवा पलंगावर चित्रासमोर बसलो होतो तेव्हा खाली लिफ्टचं दार वाजलं, बायको आली असं वाटून मी ते घाईने पुन्हा चादरीत गुंडाळलं. अंगावर कुठे दोरा चिकटलाय का, तेही बघितलं.

ताईची एक दुपार माझ्याकडे राहिली आहे, आरशासमोरची, दुसरी. आणि केतकीला एक वाक्य सांगायचं राहिलं आहे, की ते घर तुझ्या आईने भरलेलं नाही, मी भरलं. दोन्ही अजून दिलेली नाहीत.